रंगीत अळूचे बाळंतपण

ज्या कुंडीतली सगळी पाने गळून गेली आहेत आणि वर नुसती माती दिसते आहे, त्या कुंडीतले झाड मेले असे केव्हा म्हणावे? या प्रकरणात मला एवढ्याच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. प्रश्न लहान आहे, हे मला मान्य आहे. परंतु सोलापूरच्या आमच्या घरात एका हिवाळ्यात तो पाच माणसांना पुरला. पुढे मी मुलींच्या शाळेत बरीच वर्षे शिकवले. तेव्हा धड्याचा प्रश्न आधी फळ्यावर लिहावा आणि मग मुलींकडे वळावे अशी माझी पद्धत होती. तीच येथे चालवते.

घर धाब्याचे होते. म्हणजे भिंती जाड, दगडमातीच्या, आणि वर मातीचे सपाट छत. अशा घरांना खिडक्या कमी असतात, कारण सोलापुरात खिडकीतून जे आत येते ते बहुतेक ऊनच असते. माजघराच्या छतात उजेडासाठी पाटीएवढे एक भोक होते. त्याला सवणे म्हणतात. त्यातून पडणारा उन्हाचा तुकडा सकाळी ज्वारीच्या कणगीपाशी उतरे, दुपारी जात्यावरून जाई आणि दिवस कलला की देवघराच्या उंबऱ्याशी नाहीसा होई. मागच्या भिंतीपलीकडे तेलुगू विणकरांची घरे होती. त्यांच्या हातमागांची खटखट दिवसभर चाले, आणि आम्हाला तिची इतकी सवय झाली होती की ती थांबली म्हणजे आम्ही माना वर करत असू. आईचा स्वयंपाक गिरणीच्या भोंग्यावर चाले. पहिल्या भोंग्याला चूल, दुसऱ्याला भाकरीचे पीठ. दादा गिरणीच्या कचेरीत कारकून होता आणि तिसरा भोंगा त्याचा स्वतःचा होता. आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, शाळेत गणित व वस्तुपाठ शिकवीत. वस्तुपाठ म्हणजे वर्गात एखादी वस्तू आणून ती मुलांसमोर ठेवायची आणि तिच्याविषयी बोलायचे. अण्णांचे बोलणे चांगले होते. वस्तूंशी त्यांचा संबंध तेवढाच.

दादाचे लग्न होऊन वहिनी बेळगावहून आमच्याकडे आली, तेव्हा तिच्या सामानात रॉकेलचा एक कापलेला डबा होता. आगगाडीच्या प्रवासात तो तिने मांडीवरच धरला होता. डब्यात ओल्या मातीत एक झाड होते. पाने अळूसारखी, पण कागदाइतकी पातळ. कड हिरवी, शिरा तांबड्या, आणि मध्ये पांढरे ठिपके. ओल्या पानावर कोणी कुंकवाने रेघा ओढाव्यात आणि चुन्याचे बोट झटकावे, तसे ते दिसे. आईने ते पाहिले आणि हातातले तबक खाली ठेवले.

"हे काय?"

"अळू आहे, आत्याबाई. रंगीत." सासूला आत्याबाई म्हणण्याची तेव्हा रीत होती.

"वडी होते?"

"नाही. घसा खाजतो."

"चिंच घातली तरी?"

"खायचं नाहीच ते. विषारी आहे म्हणतात."

"देवाला चालतं?"

"नाही."

"औषधी आहे?"

"नाही."

"मग करतं काय?"

वहिनीने थोडा विचार केला. "पानं येतात," ती म्हणाली.

आईच्या लेखी झाडांचे तीन वर्ग होते: खाण्याची, वाहण्याची आणि औषधाची. चौथा वर्ग तिने त्या दिवसापर्यंत पाहिला नव्हता. परंतु ती अन्यायी नव्हती. गळका माठ कमरेत कापून तिने त्याची कुंडी करून दिली आणि निवाडाही दिला, "जिवंत आहे तोवर राहू दे. गेलं की त्यात कोथिंबीर लावू."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी वस्तुपाठ दिला. वनस्पतीला सूर्यप्रकाश लागतो, असे सांगून त्यांनी कुंडी सवण्याखालच्या उन्हाच्या तुकड्यात ठेवली आणि ते शाळेत गेले. संध्याकाळी ते परतले तेव्हा दोन पानांना शेकलेल्या पापडासारखे डाग पडले होते. अण्णांनी चष्मा काढून ती पाने पाहिली आणि नियमाला अपवाद असतात, असे सांगितले. मग वहिनीने घरभर हिंडून स्वतः जागा शोधली. पाण्याचा रांजण आणि जाते यांच्यामध्ये एक कोपरा होता. उन्हाचा तुकडा त्याच्या हातभर अलीकडून वळून जाई, आणि रांजण पाझरत असल्यामुळे तेथली हवा वैशाखातही ओलसर राही. या झाडाला हवे ते एवढेच: उजेड पाहिजे पण ऊन नको, ओल पाहिजे पण चिखल नको. त्या कोपऱ्यात त्याने एकामागून एक पाने काढली. सकाळी रांजण भरताना आई कुंडीला वळसा घालून जाई आणि तिच्याकडे पाहत नसे.

दिवाळी झाल्यावर वहिनी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी निघाली. टांगा दाराशी उभा असताना तिने मला रांजणाजवळ बोलावले. मी तेव्हा मराठी शाळेच्या शेवटच्या इयत्तेत होते, आणि कामे नेमून दिली की मी ती करते अशी माझी घरात ख्याती होती.

"वन्सं, ह्याच्याकडे बघाल नव्हे?"

"बघेन. काय काय करायचं?"

"काही नाही. उन्हात ठेवायचं नाही. बस." मग ती थोडी थांबली. तिने आणलेल्या सगळ्या भांड्यांवर तिचे नाव घातलेले होते आणि ती सगळी आता आमच्या फळीवर, आमच्या भांड्यांत मिसळून, आईच्या हाताखाली होती. तिची संदूक आईच्या खोलीत होती. "बाकी घरातलं सगळं आपल्या सगळ्यांचं आहे," ती म्हणाली. "एवढं माझं आहे."

मी "बरं" म्हटले. या शब्दात आपण किती मोठी जबाबदारी घेतली, हे मला मार्गशीर्षात कळले.

थंडी पडली तसे पहिले पान पिवळे झाले. मग दुसरे. देठ मऊ पडून कुंडीच्या काठावर झुकू लागले. मी कुंडी उन्हात ठेवली नव्हती, तेव्हा दिलेली आज्ञा मी मोडली नव्हती. आणि दुसरी आज्ञा मला दिलेली नव्हती. बेळगावला पत्र पाठवून विचारावे, असे मनात आले. परंतु आमच्या घरून तिकडे जाणारे पत्र अण्णा लिहीत, तिकडून येणारे वहिनीचे वडील लिहीत, आणि दोघांच्याही पत्रांत क्षेमकुशलाखेरीज इतर मजकुराला जागा नसे. सुनेच्या झाडासाठी अण्णांकडे ओळ मागण्याचे धाडस त्या घरात कोणी केले नसते. मीही केले नाही.

येथे आईविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. झाड धडधाकट होते तोवर तिला त्याचे काही नव्हते. पण घरात कोणीही आजारी पडले की ते आईचे होई. भाडेकरी असो, पाहुणा असो, शेजाऱ्याची गाय असो. शिवाय त्या वर्षी परिस्थिती विशेष होती. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे हे ठरलेले असूनही, तयारी असावी म्हणून तिने ओवा, बाळंतशोपा, डिंक, अळीव, वेखंड, सगळे निवडून डब्यांत भरून ठेवले होते. फळीवर औषधे होती, पण त्यांच्यापुढे निजायला घरात माणूस नव्हते. पौषात बेळगावहून पत्र आले: मुलगी झाली, दोघी खुशाल. त्याच आठवड्यात कुंडीतले शेवटचे पान गळले.

आईने कुंडीजवळ बसून देठ पाहिला. "अशक्तपणा आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून उपचार सुरू झाले. सकाळी हळद घातलेले कोमट पाणी. दुपारी कुंडीशेजारी शेगडी, तीत ओव्याची धुरी, आणि धूर वाया जाऊ नये म्हणून दोहोंवर मिळून वेताची मोठी टोपली पालथी. सायंकाळी कुंडीभोवती जुन्या फलाणीचा, म्हणजे मऊ लोकरी कापडाचा, पट्टा. कुंडीला कान नसल्यामुळे कानटोपीचा प्रश्न आला नाही. बेळगावला सुनेचा शेक ज्या वेळी चालू असेल असा आईचा अंदाज होता, त्याच वेळी सोलापुरात कुंडीचा शेक चाले. मी शाळेतून आले की ओव्याचा वास गल्लीच्या तोंडाशी भेटे. मागच्या विणकरांच्या बायका बाळ पाहायला म्हणून दोनदा येऊन गेल्या.

आम्हाला शेळीचे दूध घालणारी राहीबाई रोज सकाळी येई. ती धनगरांपैकी होती आणि बोलताना चरवी डोक्यावरून उतरवत नसे. टोपली पाहून तिने विचारले, "काकू, हितं कोण निजलंय?"

"झाड आहे."

राहीबाईने वाकून टोपलीखाली पाहिले. "झाड कुटं हाय? माती हाय की नुस्ती."

"आत आहे. आजारी आहे."

"आजारी न्हाय, मेलंय ते. मेल्याला शेक देऊन उटतंय व्हय? द्या मला. माजी शेरडं खातील मुळ्या तरी."

"शेरडांना घालू नकोस," आई म्हणाली. "त्यांचाही घसा खाजेल."

"लई माया तुमची," राहीबाई म्हणाली आणि मापे घालून निघून गेली. जाताना दारातून तिने मला डोळ्यांनी विचारले, आणि मी खांदे उडवले.

परंतु मला स्वस्थता नव्हती. मातीला वास येऊ लागला होता, आणि तो ओव्याचा नव्हता. एके दुपारी आई शेजारी गेली असता मी टोपली उचलली आणि मातीत बोट घातले. बोटभर खाली लहान कांद्याएवढे काही तरी लागले आणि बोट त्यात शिरले. मी ते उपसून काढले. कुजलेला कंद होता. पुन्हा बोट घातले. त्याच्या शेजारी आणखी एक होता, आणि तो घट्ट होता. माती चिंब होती व हाताला गरम लागत होती. दोन आणि दोन मांडायला मला वेळ लागला नाही. झाड थंडीने जात नव्हते. ते आमच्या माजघरात, सर्वांच्या देखत, काळजीने चालले होते.

मी आईला म्हटले, "पाणी थोडं कमी घालू या का?"

"आजाऱ्याचं पाणी तोडायचं?" आई म्हणाली. "हे शिकवतात शाळेत?"

मग मी अण्णांकडे गेले. ते पेपर तपासत होते. मी त्यांना कंदाची हकिगत क्रमाने सांगितली. त्यांनी ती लक्षपूर्वक ऐकली.

"म्हणजे तो घट्ट आहे."

"हो."

"घट्ट आहे म्हणून जिवंत आहे, असं तुझं म्हणणं. पण दगडही घट्ट असतो."

"दगडाला पाणी घालून तो कुजत नाही, अण्णा. हा कुजतो. म्हणजे जिवंत असला पाहिजे."

अण्णांनी टाक खाली ठेवला. "विचार बरोबर आहे," ते म्हणाले. "आईला सांगितलंस?"

"तुम्ही सांगा."

त्यांनी माजघराकडे पाहिले. टोपलीतून धूर निघत होता. "विचार बरोबर आहे," ते पुन्हा म्हणाले आणि त्यांनी टाक उचलला.

दादा तेथेच चहा पीत होता. तो काही बोलला नाही; पण दादा एरवीही बोलत नसे, म्हणून त्या न बोलण्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

तर आईला बाहेरच्या कोणत्याही विचाराने थांबवता येणार नव्हते. तिला थांबवू शकेल असा नियम तिचाच असायला हवा होता. वर्गात अवघड मुलीला समजावताना मला हे तत्त्व पुढे फार उपयोगी पडले. त्या वेळी मात्र ते मला भाकरी खाताना सुचले. शेंगाची चटणी वाढत असलेल्या आईला मी सहज विचारावे तसे विचारले, "आई, बाळंतिणीचा शेक कुठवर द्यायचा असतो?"

"सव्वा महिना. पुढे दिला तर उष्णता होते."

"वहिनीचा आता संपत आला असेल."

आई बोटांवर मोजू लागली. अर्ध्यावर तिचे बोट थांबले आणि तिची नजर टोपलीकडे गेली. "सूनबाईचा परवा संपला," ती हळूच म्हणाली. "आणि ह्याचा आठवड्याभरात." तिने चटणीचा वाडगा खाली ठेवला, उठून शेगडी बाहेर नेली आणि तीत पाणी ओतले. फलाण सोडून वाळत घातली. कोथिंबिरीचे नाव तिने काढले नाही. कोथिंबीर मेलेल्या झाडाच्या जागी लावायची होती, आणि ज्याचा सव्वा महिना आपण स्वतः केला त्याला मेलेले म्हणणे आईला जमले नसावे. "आता निजू दे," एवढेच ती म्हणाली. "वारं लागायला नको." तिने कुंडी उचलून आतल्या कोठीच्या खोलीत, कांद्यालसणाच्या फळीखाली, अंधारात ठेवली. कोठीच्या खोलीत आम्ही पाणी कधी नेत नसू. धान्याला ओल लागते. अशा रीतीने झाडाला जे हवे होते ते सगळे त्याला मिळाले. मात्र ते वेळेवर मिळाले की नाही, हे कोणालाही ठाऊक नव्हते, मला तर नव्हतेच. मग वहिनीच्या येण्याचा दिवस ठरला. मातीने भरलेली कुंडी तिच्या हातात देऊन काय म्हणायचे, याची तीन वाक्ये मी तयार केली. तिन्ही व्याकरणशुद्ध होती आणि एकही म्हणण्याजोगे नव्हते.

वहिनी वैशाखात आली. दारात तिच्यावरून आणि तान्ह्या मुलीवरून भाकरतुकडा ओवाळून झाला, आईने नात मांडीवर घेतली, तिचे जावळ पाहिले, आणि मग नातीला अण्णांच्या हातात देऊन ती स्वतः आत गेली. कुंडी घेऊन बाहेर आली. आई सुनेला हिशेब देत नसे. त्या दिवशी तिने दिला.

"तुझं झाड गेलं," ती म्हणाली. "हयगय केली नाही. शेक दिला, धुरी दिली, सव्वा महिना केला. दुर्गीला विचार." दुर्गी म्हणजे मी.

वहिनीने मातीकडे पाहिले. "ते दरवर्षी जातं, आत्याबाई. थंडीत जातं, उन्हाळ्यात येतं. आमच्यात परसात असंच असतंय."

मागची खटखट तेवढी चालू होती.

"मग सांगायचं नाही?" आई म्हणाली.

"थंडीत आंबे नसतात, म्हणून कुणी सांगतंय काय?"

"मला ठाऊक होतं," दादा म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले.

"पानं जातील, असं मला सांगितलं होतं," दादा म्हणाला. "गेली की."

वहिनीने त्याच्याकडे पाहण्याचे टाळले. सासूसासऱ्यांसमोर तेवढेच शक्य होते. मग एकाएकी तिच्या ध्यानात काही आले. "शेक दिला म्हणजे? पाणी घातलंत?"

"कोमट. हळद घालून. रोज."

वहिनीचा चेहरा उतरला. प्रवासाचे लुगडेही न बदलता ती खाली बसली, तिने अण्णांचे जुने वर्तमानपत्र पसरले आणि कुंडी त्यावर पालथी केली. माती कोरडी होऊन तिचा गोळा बनला होता. तिने तो हलकेच फोडला. पहिला कंद म्हणजे नुसते टरफल होते, आत काही नव्हते. दुसरा बोट लागताच भुगा झाला. तिसरा मातीच्या शेवटच्या ढेकळात सापडला. तो सर्वांत लहान होता. वहिनीने तो तळहातावर घेतला आणि तशीच बसून राहिली. दाबून पाहायचा तिला धीर होईना. मला ते समजले, कारण मलाही झाला नसता.

आई तिच्यासमोर बसली. "आण इकडे."

बाजारात सुरण घेताना आई तो वरून कधी दाबत नसे. वरून सगळेच घट्ट लागतात, असे ती म्हणे. ती अंगठा बुडाशी, कडेला लावी. त्याच रीतीने तिने तो कंद दाबला. एकदा, मग फिरवून पुन्हा एकदा. अण्णांच्या हातातली मुलगी रडू लागली होती आणि ती कोणाकडे द्यावी हे अण्णांना कळत नव्हते.

"घट्ट आहे," आई म्हणाली आणि कंद सुनेच्या हातात परत दिला.

वहिनीने त्याच संध्याकाळी तो नव्या मातीत, डोळा वर करून, दोन पेरे खोल लावला. कुंडी रांजणाच्या कोपऱ्यात गेली. बरेच दिवस काही दिसले नाही. मग गुंडाळलेल्या विडीसारखे एक टोक वर आले आणि उलगडले. ते पान संपूर्ण हिरवे होते. ना रेघ, ना ठिपका. साध्या अळूचे पान आणि ते यांत फरक उरला नव्हता, एवढेच की याची वडीही होत नव्हती.

"रंग शेकात गेला," आई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, कबुली होती. वहिनी म्हणाली, "येईल." पण मी तिला ओळखत होते; तिने ते स्वतःला सांगितले होते.

आज मला ठाऊक आहे की दमलेल्या लहान कंदाचे पहिले पान पुष्कळदा फिके येते. त्या वेळी घरात ते कोणालाच ठाऊक नव्हते, आणि त्या दिवसांत आम्ही सगळेच रांजणाकडे जरुरीपेक्षा अधिक वेळा पाणी प्यायला जात होतो.

दुसरे पान एका सकाळी, पहिल्या भोंग्याच्या सुमारास, आईने आधी पाहिले. ती रांजण भरायला गेली होती. कळशी तशीच हातात धरून ती वाकून उभी होती. मी मागून पाहिले: हिरव्या पानात मधोमध एक तांबडी शीर होती, आणि तिच्या एका बाजूला, चुन्याचे एकच बोट झटकावे तसा, एक पांढरा ठिपका. वहिनी मुलीला खांद्यावर घेऊन आली आणि तीही पाहत उभी राहिली. मग आईने कळशी खाली ठेवली.

"आता ह्याला पाणी किती घालायचं गं?" तिने विचारले.

झाड घरात आले त्या दिवशी आईने विचारले होते ती तपासणी होती. तिला मी धरत नाही. ज्याचे उत्तर स्वतःपाशी नाही असा प्रश्न आईने सुनेला विचारल्याचे मी त्या सकाळी प्रथम ऐकले. वहिनीलाही ते जाणवले असावे, कारण तिने उत्तर द्यायला थोडा वेळ घेतला.

"अर्धी वाटी," ती म्हणाली. "आधी मातीला बोट लावून. ओलं लागलं तर नाही घालायचं."

आईने फळीवरून वाटी काढली, रांजणात बुडवली, अर्धे पाणी परत ओतले आणि वाटी वहिनीपुढे धरली. "एवढं?"

"त्याहून थोडं कमी," वहिनी म्हणाली.

आईने आणखी थोडे ओतले.

तेव्हा माझ्या प्रश्नाचे उत्तर असे: पाने गेल्याने हे झाड मेले असे होत नाही, कंद मऊ पडला तर मेले. वाचकांनी हे माझ्या सांगण्यावरून मानू नये. तुमच्याकडे अशी कुंडी असेल आणि थंडीत ती रिकामी दिसत असेल, तर पाणी बंद करा, ती कोरड्या, उबदार जागी ठेवा, आणि उन्हाळा लागला की कंद काढून बुडाशी, कडेला अंगठ्याने स्वतः दाबून पाहा.